ज्वालामुखीवर नजर कशी ठेवतात ते शाळेच्या प्रदर्शनात दाखवायचं आहे (वडोदरा): चालतं यंत्र बनवता येईल का?

मांजलपूरच्या_बाई

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढणारा डोंगर दरवर्षी कुणीतरी करतंच. यंदा उद्रेकाच्या आधीचं काम दाखवायचं आहे: शास्त्रज्ञ नेमकं काय मोजतात, आणि कशावरून गाव रिकामं करायला सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख गुजरातच्या आकाशात आली, विमानं रद्द झाली, तेव्हापासून मुलांचे प्रश्न थांबलेले नाहीत.

मला तीन गोष्टी हव्यात. शाळेत बनेल असं भूकंपमापक किंवा जमिनीचा कल मोजणारं काहीतरी, जे खरोखर चालेल. इतक्या लांबची राख आपल्याकडे येणार हे आधी कसं कळतं, ते. आणि आपल्याजवळचा पावागढ डोंगर. "पावागढ पुन्हा फुटेल का?" हे पालकसुद्धा विचारतात, त्यांना ठाम उत्तर द्यायचं आहे. सोल्डरिंग आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) येणारी चार-पाच मुलं आहेत. प्रदर्शन तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आहे.

कंपनलेख

ताई, विषय फार चांगला निवडलात. मुलांना सुरुवातीलाच एक सांगा: एका यंत्रावरून ज्वालामुखीचं काहीही ठरत नाही. हादरे, जमिनीचं फुगणं, बाहेर पडणारा वायू, झऱ्यांचं तापमान हे सगळं वर्षानुवर्षं मोजून त्या डोंगराचं रोजचं वागणं माहीत असावं लागतं. शांत काळातली नोंद नसेल तर दिवसाला ३० हादरे ही वाढ आहे की नेहमीचंच, हे कुणालाच सांगता येत नाही.

हादऱ्यांचे ढोबळ तीन प्रकार दाखवा. पहिला, खडक फुटल्याचा: सुरुवात तीक्ष्ण, कंप जलद, साधारण ५ ते १५ हर्ट्झ (सेकंदाला तितके कंप). शिलारस वाट काढताना आजूबाजूचा खडक तडकतो, त्याचा हा हादरा. दुसरा, दीर्घ आवर्तनाचा: सुरुवात अस्पष्ट, ०.५ ते ५ हर्ट्झ. भेगेत भरलेला द्रव किंवा वायू घुमतो, त्यामुळे तो येतो. तिसरा म्हणजे अखंड कंप. तो मिनिटं, तास, कधी दिवसचे दिवस चालतो आणि त्याला सुरुवात-शेवट दाखवता येत नाही.

अखंड कंपात हादरे मोजता येत नाहीत, म्हणून वेधशाळा सरासरी कंपनउंची काढतात: सिग्नलमधून त्याची सरासरी वजा करायची, उरलेल्याचं चिन्ह काढून टाकायचं आणि दर १० मिनिटांची सरासरी घ्यायची. एक आकडा, एक आलेख. नववीच्या मुलाला हे सहज जमतं. प्रदर्शनात १० मिनिटांऐवजी १० सेकंद घ्या, नाहीतर बघणारा निघून जाईल.

आता जोडणी. ४.५ हर्ट्झचा उभा जिओफोन (जमिनीचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर) घ्या. त्याची संवेदनशीलता साधारण २८.८ व्होल्ट प्रति मीटर प्रति सेकंद असते. आर्डुइनो उनोच्या स्वतःच्या १० बिट इनपुटवर तो लावू नका. तिथे एक पायरी (मोजता येणारा सर्वात लहान फरक) सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे १७० मायक्रोमीटर प्रति सेकंदाची. शेजारी कुणी पाय आपटला तरच काही दिसेल. मध्ये एडीएस १११५ हे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारं १६ बिटांचं मॉड्यूल घाला आणि त्याची रेंज ±०.२५६ व्होल्टवर ठेवा. मग एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची होते, जमिनीच्या भाषेत सुमारे ०.२७ मायक्रोमीटर प्रति सेकंद. शहरातली कुजबुज यात स्पष्ट दिसते.

जिओफोनचा सिग्नल शून्याच्या दोन्ही बाजूंना जातो आणि हे मॉड्यूल ऋण व्होल्टेज सहन करत नाही. म्हणून ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून १.६५ व्होल्टचा मध्यबिंदू करा, त्यावर १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर द्या. जिओफोनचं एक टोक आणि मॉड्यूलची ए१ पिन मध्यबिंदूला, दुसरं टोक ए० ला, आणि वाचन ए० वजा ए१ असं फरकाचं. जिओफोनच्या दोन टोकांमध्ये शंट (समांतर जोडलेला) रेझिस्टर हवाच, साधारण १ किलोओहमचा. नेमका आकडा डेटाशीटमध्ये असतो. तो विसरलात तर प्रत्येक धक्क्यानंतर जिओफोन स्वतःच झुलत राहील आणि मुलं त्या झुलण्यालाच भूकंप समजतील.

वाचन सेकंदाला २५० वेळा घ्या. १०० वेळा घेतलंत तर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण मोजता येण्याच्या अगदी सीमेवर येते आणि नीट ओळखता येत नाही.

जागेबद्दल: तळमजल्याच्या कोपऱ्यात, फरशी पोकळ वाजत नसेल तिथे. टेबलावर नको, गच्चीवर तर नकोच. चार मजली इमारत स्वतः साधारण २ ते ३ हर्ट्झने हलते, म्हणजे गच्चीवर तुम्ही इमारतच मोजाल. नळाला पाणी आल्यावर पंप चालू झाला की वर्णपटात (कोणत्या वारंवारतेचा कंप किती ते दाखवणाऱ्या आलेखात) सुमारे ४८ हर्ट्झची जाड रेघ उमटेल. ती पुसू नका, मुलांना ओळखायला लावा. आपलं शहर विश्वामित्रीच्या गाळावर वसलेलं आहे. मऊ मातीत गोंगाट वाढतो, म्हणून खऱ्या केंद्रांसाठी पक्का खडक शोधतात आणि यंत्र मीटर-दोन मीटर खोल पुरतात.

एक मर्यादा लिहून लावा. ४.५ हर्ट्झच्या खाली या जिओफोनचा प्रतिसाद झपाट्याने पडतो; १ हर्ट्झला तो जेमतेम विसावा भाग उरतो. ज्वालामुखीच्या दीर्घ आवर्तनाच्या हादऱ्यांसाठी म्हणूनच ब्रॉडबँड (अगदी संथ कंपही पकडणारी) यंत्रं लागतात.

मांजलपूरच्या_बाई

खूप आभार, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. पण अखंड कंप हॉलमध्ये दाखवणार कसा? टेबल हलवत राहणं खोटं वाटतं.

कंपनलेख

गरब्याची नोंद घ्या, तुमच्याकडे ती आयती आहे. नवरात्रात मोठ्या मैदानापासून काही शे मीटरवरच्या घरात तळमजल्यावर यंत्र ठेवून रात्रभराची नोंद करून ठेवा. हजारो पावलं एका ठेक्यात पडतात तेव्हा एक मूळ वारंवारता आणि तिच्या दुप्पट-तिप्पट रेघा वर्णपटात दिसतात. काही ज्वालामुखींच्या सुरेल कंपात असाच रेघांचा जिना असतो. कारण वेगळं, चित्र सारखं. ठेका वाढला की सगळ्या रेघा एकदम वर सरकतात, हे मुलांना आवर्जून दाखवा. वर्णपटासाठी १० सेकंदांचे तुकडे घ्या. २ सेकंदांचे घेतलेत तर रेघा एकमेकींत मिसळतील.

राखेचा_माग

राखेबद्दल. हायली गुब्बी २३ नोव्हेंबर २०२५ ला फुटला आणि राखेचा ढग सुमारे १४ किमी, म्हणजे ४५,००० फुटांपर्यंत गेला. त्या उंचीवरच्या पश्चिमी वाऱ्यांनी तो तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी गुजरात-राजस्थानवर आणला. जगात राखेच्या सूचना देणारी नऊ केंद्रं आहेत. या ढगाच्या सूचना फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्रातून निघत होत्या आणि आपलं हवामान खातं त्यावरून विमानतळांना कळवत होतं.

उपग्रहाला राख ओळखू येते ती अवरक्त किरणांच्या दोन पट्ट्यांमुळे, ११ आणि १२ मायक्रॉन. पाण्याच्या किंवा बर्फाच्या ढगात ११ चं तापमान १२ पेक्षा सहसा जास्त भरतं. राखेतल्या सिलिकेटमुळे हे उलट होतं, वजाबाकी ऋण येते. फसतं कुठे? ढग फार जाड असेल तर, राखेच्या कणांवर बर्फ चढला असेल तर, आणि रात्री थंड झालेल्या वाळवंटावर, जिथे राख नसतानाही ऋण आकडा येतो. त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचा नकाशा सोबत बघतात. पण वायू आणि राख वेगवेगळ्या उंचीवर असतील तर वारा त्यांना वेगळ्या दिशांना नेतो, म्हणून वायू दिसला म्हणजे राख आहेच असं धरता येत नाही.

मुलं विचारतील की एवढ्या विरळ राखेने विमानाचं काय होतं. जेट इंजिनाच्या गाभ्यात राख वितळते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी चिकटते. २४ जून १९८२ ला जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या ९ क्रमांकाच्या उड्डाणाची चारही इंजिनं बंद पडली होती. खाली उतरल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप पोचलं. विमानातल्या हवामान रडारला अशी कोरडी बारीक राख दिसत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्या सूचनेवरच सगळं अवलंबून.

फुगवटा

जमिनीच्या फुगण्याचं मॉडेल हे प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण होऊ शकतं, आणि त्याला वीजही लागत नाही.

किमान ५० सेंमी लांब-रुंद, २५ सेंमी खोल पेटी घ्या. लहान घेतलीत तर पेटीच्या भिंती फुगवटा अडवतात आणि आकडे चुकतात. एक छोटा फुगा नळीला बांधून, त्याचा मध्य पृष्ठभागापासून १० सेंमी खोल येईल असा बारीक वाळूत पुरा. दुसऱ्या टोकाला ६० मिलीची सिरिंज. फुग्यात पाणी भरा, हवा नको. हवा दाबली जाते, त्यामुळे दट्ट्या किती ढकलला आणि फुगा किती वाढला यांचा मेळ बसत नाही. नळीतले बुडबुडेही आधी काढून टाका.

आता फुग्याच्या बरोबर वरच्या बिंदूपासून ५ सेंमीवर एक छोटा आरसा सपाट पट्टीवर ठेवा. ५ सेंमीच का, तर गोल उगम खोलवर फुगतो असं धरलं (१९५८ चं मोगीचं गणित) तर पृष्ठभागाचा सर्वात जास्त कल खोलीच्या निम्म्या अंतरावर येतो. बरोबर डोक्यावर जमीन सर्वात जास्त उचलली जाते, पण कल शून्य असतो! कलमापक शिखरावरच ठेवला की काहीच दिसत नाही, हे मुलांनी स्वतः आरसा सरकवून पाहावं.

लेझर पॉइंटर स्टँडवर घट्ट बसवून किरण आरशावर टाका आणि ठिपका ५ मीटरवरच्या भिंतीवर घ्या. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. कागदावरचा हिशेब असा: १० मिली पाणी ढकललं की मध्यभागी जमीन सुमारे ०.२४ मिमी उचलली जाते. डोळ्यांना ते दिसत नाही. आरशाच्या जागी कल सुमारे २ मिलिरेडियन, आणि भिंतीवरचा ठिपका साधारण २ सेंमी हलतो. ४० मिलीला ८ सेंमी. भिंतीवर आलेख कागद चिकटवा. वाळूचे कण सरकतात, त्यामुळे तुमचा आकडा गणितापेक्षा वेगळा येईल; किती वेगळा, ते तक्त्यात लिहा. किरण कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही असा लावा आणि वाटेत दोरी बांधा.

खऱ्या जागी हेच मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. एक किलोमीटर लांब दांड्याचं एक टोक १ मिमी उचललं तर जेवढा कल होतो तो एक मायक्रोरेडियन. तुमचा आरसा १० मिलीला दाखवतो त्याच्या सुमारे दोन हजारावा भाग. मोबाइलमधल्या किंवा एमपीयू ६०५० सारख्या कल मोजणाऱ्या चिपने हे दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. खोली दोन अंशांनी तापली की त्या चिपचा शून्यच सरकतो. खरे कलमापकसुद्धा उन्हापावसाने फसतात म्हणून बोअरमध्ये खोल उतरवतात.

जिथे माणूस पोचत नाही तिथे रडार उपग्रह. सेंटिनेल-१ च्या दोन फेऱ्यांची चित्रं एकमेकांतून वजा केली की रंगांची वर्तुळं येतात. एक पूर्ण वर्तुळ म्हणजे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंमी सरकणं. दाट जंगलात ही तरंगलांबी पानांत अडकते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहाचा एक रडार सुमारे २४ सेंमी तरंगलांबीचा आहे, तो झाडीतून खाली पोचतो. पण १२ दिवसांनी एकदा येणारा उपग्रह रात्रीत फुटणाऱ्या डोंगराला पुरत नाही, तिथे जमिनीवरचा जीपीएस आणि कलमापकच लागतो.

दांडियाबाजार_नववी_अ

सर, आम्ही हादऱ्यांच्या संख्येवरून उद्रेकाचा दिवस काढायचा गेम करतोय. चालेल का?

कंपनलेख

करा, पण दोन तक्ते ठेवा. पहिल्यात रोजचे हादरे २०, २५, ३३, ५०, १००. प्रत्येकाचा व्यस्त काढा: ०.०५, ०.०४, ०.०३, ०.०२, ०.०१. सरळ रेषा येते आणि ती सहाव्या दिवशी शून्याला टेकते. वेधशाळांत ही रीत खरोखर वापरतात. दुसऱ्या तक्त्यात २०, २५, ३३, ५०, ४०, २२. चौथ्या दिवसापर्यंत दोन्ही तक्ते तंतोतंत सारखे, पण दुसऱ्यात शिलारस वाटेतच थांबला. बघणाऱ्याला चौथ्या दिवशी विचारा: गाव रिकामं करायचं का?

फुगवटा

मला हा गेम एवढाच ठेवणं पटत नाही. मुलं "रेषा शून्याला, डोंगर फुटला" एवढंच घेऊन जातील. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सचा उत्तरेकडचा फुगवटा १९८० मध्ये रोज सुमारे २ मीटर बाहेर येत होता आणि १८ मेच्या सकाळपर्यंत तो वेग वाढला नव्हता. मग ५.१ चा भूकंप झाला, कडा कोसळला, ५७ माणसं गेली. जपानचा ओन्ताके ज्वालामुखी २७ सप्टेंबर २०१४ ला फुटला तेव्हा इशारा सर्वात खालच्या पातळीवर होता. अखंड कंप ११ मिनिटं आधी सुरू झाला, कल ७ मिनिटं आधी. शिखरावर गिर्यारोहक होते, ६३ जण मृत वा बेपत्ता. तिथे नवा शिलारस वर आलाच नव्हता, तापलेलं पाणी वाफ होऊन फुटलं होतं. अशा स्फोटाला आधीची रेषाच नसते.

कंपनलेख

मान्य. मग तिसरा तक्ता ओन्ताकेचा ठेवा, त्यात मिनिटांचा आलेख. आणि चौथा फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा, कारण तिथे शास्त्रज्ञांनी अनेक खुणा एकत्र वाचल्या. १३ मे १९९१ ला सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे ५०० टन होता, २८ मेला ५,००० टनांवर गेला, आणि ५ जूनपर्यंत ३०० टनांच्या खाली आला. एकट्या वायूवरून कुणीही म्हटलं असतं की डोंगर शांत होतोय. पण हादरे वाढत होते, म्हणून वायूची वाट बुजली आणि आत दाब साठतोय असा अर्थ लावला गेला. ७ जूनला शिलारसाचा घुमट वर दिसला, ९ जूनला इशारा पाचव्या, सर्वोच्च पातळीवर नेला, १० जूनला जवळचा अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा केला. मुख्य उद्रेक १५ जूनला. हजारो जीव वाचले.

वायू मोजण्यातली एक अडचण मुलांना सांगा. यंत्र वर आकाशाकडे बघून धुराच्या एका छेदात किती वायू आहे ते सांगतं; दिवसाचे टन काढायला त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणावं लागतं. वेग २० टक्क्यांनी चुकला की टनही २० टक्क्यांनी चुकले.

राखेचा_माग

पाचवा तक्ता आर्मेरो गावाचा हवा. १३ नोव्हेंबर १९८५, कोलंबियातला नेवादो देल रुइस ज्वालामुखी. उद्रेक लहानच होता, पण त्याने शिखरावरचं बर्फ वितळवलं आणि चिखलाचा लोंढा दरीतून निघाला. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता, त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. रात्री ९ नंतर उद्रेक, साडेअकराच्या सुमारास लोंढा गावात. मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता आणि उंच जमीन जवळ होती. सुमारे २३,००० माणसं मेली, कारण "आत्ता निघा" हा शब्द वेळेत गावापर्यंत पोचला नाही. यंत्र विकत घेण्याइतकाच खर्च आणि कष्ट भोंगे, फोनसाखळी आणि सराव यांवर का करायचे, ते इथे कळतं. पुढे अशा लोंढ्यांसाठी नदीकाठी जिओफोन पुरू लागले: लोंढ्याची घरघर भूकंपापेक्षा जास्त वारंवारतेची, दहा ते काही शे हर्ट्झ, आणि एकामागून एक केंद्रांवर ती खाली सरकताना दिसते.

काळी_माती

पावागढचं मी सांगतो. ठाम उत्तर: नाही, फुटणार नाही. पावागढ दख्खनच्या लाव्हाचा अवशेष आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खाली बेसॉल्टचे थर, माथ्यावर रायोलाइट हा दुसऱ्या प्रकारचा लाव्हाचा खडक. रोपवेतून उतरून वर चढताना खडकाचा बदल हाताने पाहता येतो. ज्या उष्ण स्रोतावरून हा लाव्हा आला असं मानतात, त्याच्यावरून भारताचा तुकडा सरकत उत्तरेला आला. तो स्रोत आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ अजून वरचेवर फुटतो. १९७७ च्या उद्रेकात गावात लाव्हा शिरल्यावर तिथे वेधशाळा उभारली. प्रदर्शनात पावागढच्या खडकाशेजारी रेयुनियनचा नकाशा लावा, पालकांना एका नजरेत समजेल.

कुणीतरी गोध्र्याजवळच्या तुव्याचे गरम कुंड काढेलच. ती उष्णता शिलारसाची नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, दर किलोमीटरला २५-३० अंश तापत जातं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट; तिथे वस्ती नाही, १९९१ पासून तो अधूनमधून फुटतो. गुजरातला काळजी भूकंपाची करायची आहे. २६ जानेवारी २००१ विसरू नका. तुमचं यंत्र प्रदर्शनानंतरही शाळेत चालू ठेवा, त्याला घड्याळासाठी जीपीएस मॉड्यूल जोडा. वेळ एका सेकंदाने चुकली तर इतर केंद्रांच्या वेळांशी ताडून भूकंपाचं अंतर काढताना सहा-आठ किलोमीटरची चूक होते.

मांजलपूरच्या_बाई

पेटी आज करून पाहिली. वाळू ओली केली तेव्हा ठिपका आधी हललाच नाही आणि मग एकदम उडाला. कोरड्या वाळूत सुरळीत हलतो, पण दट्ट्या मागे घेतल्यावर ठिपका जागेवर परत येत नाही.

फुगवटा

ओल्या वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतात, दाब साठतो आणि एकदम तडा जातो. दोन्ही पेट्या ठेवा. कोरडीत मोजमाप करा. ओलीत पृष्ठभागावर तडे कुठे पडतात ते खडूने आखा, ते मध्यापासून बाहेर जाणारे येतील. ठिपका परत न येणं हे कोरड्या कणांच्या घर्षणामुळे, त्यात तुमची चूक नाही. प्रत्येक प्रयोगाआधी वाळू पूर्ण उकरून पुन्हा भरा, पेटीवर ठराविक वेळा टिचक्या मारून ती बसवा आणि आरसा ठेवण्याआधी पट्टीने सपाट करा. हे केलंत तर लागोपाठचे आकडे एकमेकांच्या जवळ येतील. फुगा दर दिवशी नवा घ्या. ताणलेलं रबर सैल पडतं आणि पहिल्या ५-१० मिलीला काहीच दिसत नाही.